नागपूरला मेडिसिनची सीट लागली. राहायचं कुठं आणि पहिलं वर्ष काढायचं कसं?

पंचगंगाकाठ
नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरची, एमबीबीएसही तिकडंच झालं. यंदा एमडी मेडिसिन, जीएमसी नागपूर, म्हणजे तिथलं सरकारी मेडिकल कॉलेज. घरी पेढे वाटून झाले आणि मग आईनं महाराष्ट्र एक्सप्रेसचं वेळापत्रक बघितलं. चोवीस तासांच्या वर प्रवास! तेव्हापासून घरात शांतता आहे.
हॉस्टेल घ्यावं की रूम? गाडी आणावी का? ऊन खरंच एवढं असतं की नागपूरकर वाढवून सांगतात? आणि येण्याआधी वाचू काय?

संत्रासाल
अभिनंदन ताई. बालरोगला जेआर-थ्री आहे, म्हणजे तिसऱ्या वर्षाचा ज्युनियर रेसिडेंट. पहिलं म्हणजे इथं जीएमसी कोणी म्हणत नाही, 'मेडिकल' म्हणतात. स्टेशनवर ऑटोवाल्याला बिनधास्त "मेडिकल" सांगा, तो औषधाच्या दुकानासमोर उतरवणार नाही. 'मेयो' म्हणजे सेंट्रल अॅव्हेन्यूवरचं इंदिरा गांधी कॉलेज, ते वेगळं.
हॉस्टेल मिळत असेल तर पहिलं वर्ष तिथंच काढा. खोलीला रंग आहे की नाही ते बघू नका, वॉर्ड किती पावलांवर आहे ते बघा. युनिटचा इमर्जन्सी डे असला की रात्रभर भरती, सकाळी राउंड, मग रिपोर्टांच्या मागे धावणं. मध्ये तासभर मिळाला तर तो ट्रॅफिकमध्ये घालवू नये. नाहीच मिळालं तर रामबाग, हनुमाननगर, उंटखाना इकडं बघा.

मानेवाडारोड
हॉस्टेलचा एक तोटा कोणी सांगत नाही. तिथं तुम्ही *सापडता*. मी दुसऱ्या शहरात पीजी, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण, केलं, कॉलेजचं नाव घेत नाही. ड्यूटी संपली तरी दार वाजायचं, कधी सिनियरच्या डिस्चार्ज समऱ्या लिहायला, कधी नुसता चहा आणायला. सहा महिन्यांनी बाहेर रूम घेतली, त्या रात्री पहिल्यांदा सलग सहा तास झोपलो.
एक माहीत असू दे. एनएमसीच्या (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या) २०२३ च्या पीजी नियमांत वर्षाला किमान २० दिवस पगारी किरकोळ रजा आहे आणि आठवड्याची एक सुटीही. सुटीपुढे 'कामाची निकड बघून' असं शेपूट आहे, आणि सगळा कारभार त्या शेपटावरच चालतो. तरी रजेचा अर्ज लेखी द्या, तोंडी मागू नका.

सातदिवसाचाखोकला
मेडिसिनच्याच आहात म्हणून जरा लांब लिहितो. ग्रंथ घरीच ठेवा. इथं कोण येतं ते समजून घ्या. पेशंट नागपूरचे तर असतातच, शिवाय गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूर आणि पलीकडून मध्य प्रदेशातले छिंदवाडा, बालाघाटही.
पावसाळा लागला की तापाचे वॉर्ड भरतात. डेंगी, मलेरिया तुम्हाला नवे नाहीत. स्क्रब टायफस असेल, झुडपातल्या बारीक किड्याच्या चाव्यानं येणारा ताप. २०१८ मध्ये इथं त्याची साथ येऊन गेली. काख, जांघ, छातीखाली त्या चाव्याची काळी खपली शोधायची. कपडे न काढता तपासलं तर ती सापडतच नाही. पण खपली नाही म्हणून स्क्रब नाही असंही नसतं. शंका असेल तर त्यावरच्या औषधाला, डॉक्सीसायक्लिनला, रिपोर्टाची वाट बघायला लावू नका.
दुसरं, सिकलसेल, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात तो रक्ताचा आनुवंशिक आजार. रात्री तीनला एक पोरगं हाडं दुखतात म्हणून तळमळत येतं. सूज नाही, एक्स-रे साफ. नवा जेआर म्हणतो, नाटक करतोय. मीही एकदा म्हणालो होतो, अजून ते पोरगं आठवतं. आधी वेदना थांबवा, मग हिस्ट्री घ्या. धाप किंवा छातीत दुखणं असेल तर लगेच सिनियरला उठवा, शिव्या खाव्या लागल्या तरी.
तिसरं, मण्यार. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोट दुखतं म्हणून येतो, दंशाची खूण दिसत नाही. पापण्या जड झाल्यात का ते बघायचं.
थेसिस: ज्याचे पेशंट आपणहून वॉर्डात येतात तोच विषय घ्या. सहा महिन्यांचा फॉलोअप असलेला अजिबात नको. बालाघाटचा माणूस बरा झाल्यावर तुमच्या तक्त्यातला रकाना भरायला परत येत नाही. आणि तीन महिने जिल्हा रुग्णालयाचं पोस्टिंग लागेल, तोवर सॅम्पल गोळा झालेलं बरं.

वर्धावाली
भाषेचं कोणी बोललंच नाही! पेशंट म्हणेल, "म्याडम, डोस्कं दुखून राहिलं, आंग गळून राहिलं." आठ दिवसांत तुम्हीही "काय होऊन राहिलं?" विचाराल. आणि भाजीवाल्याकडं सांबार मागितला तर कोथिंबीर मिळते.
ऊन वाढवून सांगत नाही हो. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, त्यात नवतपा, म्हणजे मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस. पंखा गरम हवाच फिरवतो. कूलर लागेलच. दुपारी डोक्याला-तोंडाला दुपट्टा गुंडाळल्याशिवाय गाडीवर बसू नका. पाऊस सुरू झाला की कूलरची टाकी रिकामी करा. आमच्या बॅचला एका मेडिसिनवाल्याच्याच कूलरमध्ये डासांच्या अळ्या सापडल्या होत्या, त्याचं अजून नाव निघतं.
गाडी आणा. जुनी दुचाकी रेल्वे पार्सलनं टाका, रात्री जेवण शोधायला कामी येते.

संत्रासाल
जेवणावरून आठवलं. नाइट संपल्यावर तर्री पोहे. सावजीचं कोल्हापूरकरांना काय सांगायचं, पण पहिल्यांदा दुसऱ्या दिवशी ओपीडी नसताना खा.

पंचगंगाकाठ
सगळ्यांचे आभार. हॉस्टेलला अर्ज करते, दिवाळीनंतर रूमचं बघीन. दाराला आतून चांगली कडी लावून घेईन. मण्यारचं वाचायला घेतलंय. आईला ४५ चा आकडा सांगितलेला नाही. जुना कूलर कुणी विकतंय का?

सातदिवसाचाखोकला
माझा आहे. ताट्या यंदाच बदलल्यात, स्टँडचा एक पाय लंगडा आहे, खाली वीट ठेवायची. पैसे नकोत, येऊन घेऊन जा. वीटही देतो.