“फाईल वयर आसा” (फाईल वर आहे) : पैसे अडले, बस गेली, शाळा मिटली तेव्हा आमदाराला काय विचारलंत? (अनुभव धागा)

आंबाडे-सासव (धागाकर्ती, फोंडा)

परवा आमच्या वाड्यावरच्या देवळाच्या सभामंडपात आमदार आले होते, निमित्त काय तर बाहेर बसवलेले पेव्हर्स. नारळ फुटला, फोटो झाले, पंच लोकांची (पंचायत सदस्यांची) भाषणं झाली आणि मग मागच्या खांबाकडून आमच्या शेजारच्या आजी उठल्या, वय ऐंशीच्या वर, आणि म्हणाल्या, “पुता, फातर बरे घाल्यात, पूण म्हजे दोन हजार खंय आसात?” (बाळा, दगड छान घातलेस, पण माझे दोन हजार कुठे आहेत?) सगळे हसले, आमदारही हसले. “पळयतां हांव आजी, फाईल वयर आसा.” (बघतो मी आजी, फाईल वर आहे.) आजी म्हणतात, “वयर म्हळ्यार खंय? म्हजे पयलीं तीच पावतली दिसता.” (वर म्हणजे कुठे? माझ्याआधी तीच पोचणार असं दिसतंय.)

परत सगळे हसले. मी पण हसले, आणि घरी आल्यावर मात्र डोक्यातून जाईना. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे महिन्याला मिळणारे दोन हजार, म्हणजे आजींची बीपीची गोळी, गॅसचा वाटा आणि महिन्यातून दोनदा बाजारातली मासळी. माझ्या आईचं गृहआधार (गृहिणींना महिन्याला मिळणारी सरकारी मदत), पंधराशे. दोन्ही योजना मिळून लाखांच्या वर घरं आहेत इवल्याशा गोव्यात, आणि पैसे उशिरा येणं आता पावसाळ्यासारखं झालंय, येणार म्हणून माहीत असतं, कधी ते नाही.

मला खरा राग कशाचा येतो माहितेय का, “कपात” हा शब्द कोणी तोंडातून काढत नाही. २०१२ ला पेट्रोल एका झटक्यात ११ रुपयांनी उतरलं तेव्हा केवढा गाजावाजा, शेजारच्या राज्यातले लोक टाकी भरायला येत होते. मग तोच व्हॅट थोडा थोडा करत परत चढला तेव्हा कुठे कोणी नारळ फोडला नाही. योजनेचं पण तसंच. योजना बंद झाली असं कधीच सांगत नाहीत. पोर्टल बंद असतं, पडताळणी चालू असते, हयातीचा दाखला मिळाला नाही म्हणतात, टप्प्याटप्प्याने जमा होणार म्हणतात.

आणि आपलं गोव्याचं वेगळंच आहे बघा. चाळीस मतदारसंघ, एकेकात सरासरी तीस हजाराच्या आत मतदार. आमदार म्हणजे बाराव्याला येऊन बसणारा माणूस, त्याचा मोबाईल नंबर अर्ध्या गावाकडे असतो. २०२२ ला सांत आंद्रेत ७६ मतांनी आणि आमच्या फोंड्यात ७७ मतांनी निकाल लागला, म्हणजे एका वाड्याने मनात आणलं तर खुर्ची हलते. तरी विचारताना जीभ का अडते?

तर तुमचे अनुभव लिहा. तोंडावर विचारलंत का, काय उत्तर मिळालं, नसेल विचारलं तर का नाही. आमदाराचं, पंचाचं नाव नको, आणि पक्षाची भांडणं दुसरीकडे करा प्लीज.

डिचोलकरीण

मी विचारलंय. कोविडचं वर्ष, मिस्टर कळंगुटला हॉटेलात होते ते घरी बसलेले, आणि त्यात गृहआधार सात महिने नाही. आम्ही बचतगटाच्या नऊ जणी ठरवून सकाळी सातला आमदाराच्या घरी गेलो, तिथे रोज सकाळी दरबार भरतो. अंगणात बाकडी, आमच्या आधी तीसेक माणसं, कोणी मुलाच्या नोकरीसाठी, कोणी वीज कनेक्शनसाठी, एकाची बायको बदली होऊन काणकोणात गेलेली तिला परत आणायला. आमची पुढारीण रस्ताभर “आज सोडणार नाही, आज सोडणार नाही” करत होती. आत गेलो तर त्यांच्या बायकोने चहा दिला, बशीत खाजं, आणि कप हातात आल्याबरोबर आमची पुढारीण काय म्हणाली असेल? “साहेब, तुमचा खोकला आता बरा ना?”

शेवटी मीच म्हटलं, साहेब, तुमचा पगार किती महिने अडकलाय? एकदम शांत झालं सगळं. ते रागावले नाहीत हं, हसून म्हणाले चवथीपूर्वी (गणेशचतुर्थीपूर्वी) सगळं जमा होणार. पण बाहेर पडताना त्यांच्या माणसाने माझं नाव आणि वॉर्ड विचारून वहीत लिहून घेतलं, बाकी आठ जणींचं नाही लिहिलं.

पैसे चवथीच्या चार दिवस आधी आले, तीन महिन्यांचे. माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या सजावटीचं) सामान आणि गाडेवाल्याची उधारी, संपले. घरी मात्र मिस्टरांचा आठवडाभर अबोला, कारण आमच्या मोठ्याचा नोकरीचा अर्ज त्याच साहेबांकडे दिलेला. आणि पंच, जो आधी स्कूटर थांबवून “वयनी कशी आसा” करायचा, तो आता हॉर्नसुद्धा मारत नाही.

कुडचड्याचा

वहीत नाव गेलं म्हणजे तुम्ही आता व्हीआयपी 😄

थांबलेला ट्रक

मी साखळीच्या बाजूचा. सप्टेंबर २०१२ ला खाणी थांबल्या तेव्हा माझे दोन ट्रक होते, एकाचे हप्ते चालू, दुसऱ्याचे नुकतेच फिटलेले. मग थोड्या चालू झाल्या आणि फेब्रुवारी २०१८ ला सुप्रीम कोर्टाने ८८ लीज रद्द केल्या, १६ मार्चपासून पुन्हा ठप्प. सरकारने मदत दिली, खोटं नाही बोलणार, कर्जाला सवलत होती, काही काळ महिन्याचे पैसे पण आले, मग ते पैसे कधी बंद झाले ते मला तारीख सांगता येत नाही, म्हणजे पासबुक भरायला गेलो तर एंट्रीच नाही, पुढच्या महिन्यात नाही, मग कळलं की संपलं.

आमदाराकडे गेलो तर म्हणाले कोर्टाने बंद केलंय, मी काय करू. मी म्हटलं खाण कोर्टाने बंद केली साहेब, पण मदत कोणी बंद केली? त्यावर ते म्हणाले खाण नाही तर सरकारकडे पैसा कुठून येणार. आता हे उत्तर चुकीचं नाही ना, हेच तर वाईट. कारण खाण चालू होती, पैसा धो धो होता तेव्हा आमच्या शेतात लाल गाळ यायचा, तुळशीवर धुळीचा थर, आजोबांची विहीर आटली, तेव्हा आम्ही कोणी आमदाराला विचारायला गेलो नाही की या पैशातलं पुढच्यासाठी काय ठेवताय. मी तर त्याच्या प्रचारात माझा ट्रक फुकट दिला होता माणसं न्यायला. एक ट्रक विकला, दुसरा भंगारात दिला. आता रेंट-अ-कॅब चालवतो दाबोळी विमानतळावर, ते पण मोपचा नवा विमानतळ झाल्यापासून निम्म्यावर आलंय, पण तो वेगळा धागा होईल.

सासष्टीकर काका

माझी तक्रार छोटी आहे. मी “विरोधी पक्षाचे माननीय आमदार” असं लिहून पत्र तयार केलं होतं, वाचनालयाची ग्रँट वर्षभर आली नाही, विधानसभेत प्रश्न विचारा म्हणून. चांगलं दोन पानी पत्र, मुलाकडून टाईप करून घेतलेलं. पत्र द्यायचं राहिलं गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे आणि १४ सप्टेंबर २०२२ ला विरोधी पक्षाचे आठ आमदार उठून सत्तेत गेले. जानेवारीत याच पक्षाच्या उमेदवारांनी पणजीच्या महालक्ष्मीला, बांबोळीच्या खुर्साला (क्रॉसला) आणि बेतीच्या दर्ग्याला जाऊन शपथ घेतली होती की पक्ष सोडणार नाही. त्याआधी जुलै २०१९ ला पंधरातले दहा गेलेच होते.

आता प्रश्न असा की पत्राचा मायना काय लिहू. मुलगा म्हणतो तारीख टाकू नका, माणूस कुठल्या बाजूला आहे ते बघून आयत्या वेळी भरू.

आंबाडे-सासव

काका 🙏 तीन देव साक्षीला ठेवून गेले, तुमच्या दोन पानांचं काय घेऊन बसलात.

निवृत्त मास्तर, सत्तरी

आमची सरकारी मराठी प्राथमिक शाळा. मी तिथेच शिकलो, पुढे तिथेच शिकवलं. शेवटच्या वर्षी पट सहा. एक शिक्षिका, चार इयत्ता, आणि माध्यान्ह आहार आणणारी रिक्षा जवळजवळ मुलांपेक्षा मोठी. शाळा बंद झाली असंही कोणी म्हटलं नाही, “विलीन” म्हणाले. गावचे आम्ही पंधरा जण आमदारांकडे गेलो. त्यांनी शांतपणे विचारलं, मास्तर, तुमचा नातू कुठच्या शाळेत जातो?

वाळपईत. इंग्रजीत.

मी काही बोललो नाही. २०११ साली सरकारने इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान द्यायचं ठरवलं तेव्हा आम्ही पणजीला मोर्चाला गेलो होतो, बस करून, माजी मुख्यमंत्री शशिकलाताई काकोडकर पुढे होत्या, घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या. अनुदान तिकडे गेलं तशी मुलं पण तिकडे गेली, हे खरं. पण सुनेला मी अडवलं नाही हे पण तितकंच खरं. माझा राग आमदारावर आहेच, कारण छपराची गळती काढायला चार पावसाळे लावले आणि त्याच गावात दोन हायमास्ट दिवे लावले, एक तर माझ्या काजूच्या झाडावर उजेड पाडतो रात्रभर. पण त्या दिवशी त्यांच्या दारातून बाहेर पडलो तेव्हा पंधरा जणांपैकी कोणी कोणाशी बोललं नाही, आणि त्यातल्या अकरा जणांची नातवंडं माझ्या नातवाच्याच बालरथात (शाळेच्या बसमध्ये) असतात.

सांग्याची बाय

संध्याकाळची शेवटची सरकारी गाडी बंद केली. मुलगी वेर्णाला कंपनीत, सुटून मडगावला येईपर्यंत सात. पंचाला विचारलं, आमदाराच्या माणसाला विचारलं, दोघांचं एकच, “पॅसेंजर ना” (पॅसेंजर नाहीत). अरे गाडी तीन दिवस आली आणि दोन दिवस नाही आली तर पॅसेंजर कशाला उभा राहील? मुलीला कर्ज काढून स्कूटर घेतली. मतदानाला जाणार नव्हते, शेवटी गेले, कारण न्यायला गाडी आली होती. दारात. संध्याकाळी साडेचारला.

थांबलेला ट्रक

त्या दिवशी पॅसेंजर असतो.

टेबलाच्या अलीकडचा

मी सरकारी नोकर, खातं सांगत नाही. तुम्ही चिडणार आहात तरी लिहितो. बजेटमध्ये पगार, पेन्शन आणि कर्जाचं व्याज हे आधी जातं, त्याला हात लावता येत नाही. उरलं त्यात योजना, अनुदानं आणि कंत्राटदारांची बिलं. पैसा कमी पडला की ब्रेक तिथेच लागतो, दुसरीकडे ब्रेकच नाही. फाईल खरंच वर असते, खात्याकडून वित्त खात्याकडे जाते, तिथून मंजुरी आली की मग खात्यात जमा. आमदाराच्या हातात त्यातलं फार काही नसतं, तो फोन करतो, आम्ही “हो साहेब” म्हणतो. आणि पडताळणी व्हायलाच हवी, मयत माणसाच्या नावाने पैसे जाणं, चारचाकी दारात असून गृहआधार घेणं, हे आपल्याच वाड्यावर चालतं ना? दर निवडणुकीला रक्कम वाढवून मागणारे पण आपणच.

डिचोलकरीण

दादा, पटलं सगळं. फक्त एक सांगा, कंत्राटदाराचं बिल पण त्याच ब्रेकखाली येतं म्हणता, मग पेव्हर्स कसे पडतात?

टेबलाच्या अलीकडचा

त्याचं पण अडतं, सहा सहा महिने. पण तो एकटा जातो साहेबांकडे, रात्री. तीस माणसांच्या बाकड्यावर नाही बसत. (हे मी लिहिलं नाही.)

उसाचा कोलवा

धारबांदोडा. साखर कारखान्याचं गाळप २०१९ नंतर बंद, मग सरकारने पाच वर्षं भरपाई दिली, दर वर्षी टनामागे थोडी कमी. वडील दर सिझनला मीटिंगला जायचे, “कारखाना सुरू होणार” ऐकून यायचे आणि लावणी करायचे. चौथ्या वर्षी मीटिंगमध्ये उभे राहून म्हणाले, साहेब, सुरू होणार नाही असं एकदा सांगा, मी सुपारी लावतो, झाड धरायला सहा-सात वर्षं जातात, माझं वय ६८. कोणी सांगितलं नाही. “पॉझिटिव्ह आहे” म्हणाले. वडिलांनी घरी येऊन अर्ध्या शेतात सुपारी लावली, अर्ध्यात ऊस ठेवला, आईने विचारलं असं का, तर म्हणाले अर्धा विश्वास आहे अजून.

नवीन सभासद

धागा चांगला आहे पण माझा प्रश्न वेगळा आहे. सासूबाईंचे दोन हजार मार्चपासून बंद आहेत, हयातीचा दाखला दिलेला होता. कुठे जायचं, आमदाराकडे की ऑफिसला?

आंबाडे-सासव

आधी बँकेत जाऊन आधार लिंक आहे का बघा, आमच्या आजींचं तिथेच अडलं होतं म्हणे, म्हणजे निदान ऑफिसवाले असं म्हणतात. दाखला परत करून घ्या, पोच घ्या आणि पोचेचा फोटो काढून ठेवा. सासूबाईंना सोबत न्या, चालत असतील तर. गेल्या आठवड्यात आजींना नेलं तेव्हा खिडकीवरच्या मुलीने कागदावरून नजर न काढता विचारलं, “लाभार्थी हयात आहे का?” आजी माझ्या शेजारी उभ्या होत्या, म्हणाल्या, “सद्यां तरी आसां.” (सध्या तरी आहे.)