तीन वर्षांच्या आतलं मूल घेऊन क्रूझ: पैसे पाण्यात?

गलबत

सुट्ट्या जवळ आल्या की ठरलेला प्रश्न येतो: बाळ वर्षाचं आहे, दोन वर्षांचं आहे, क्रूझवर न्यावं का? मुंबई-गोवा-मुंबई दोन रात्रींची फेरी असो की सिंगापूरहून निघणारी तीन-चार रात्रींची, माझं उत्तर एकच आहे. डायपर सुटेपर्यंत थांबा.

तिकिटात आपण काय विकत घेतो? खोली, जेवण, पोहण्याचे तलाव, कार्यक्रम आणि मुलांचा क्लब. यातलं डायपरमधल्या मुलाच्या वाट्याला काय येतं ते बघा.

तलाव बंद. स्विम डायपर घातलेला असला तरी बंद. अमेरिकी बंदरांत जाणाऱ्या जहाजांना तिथल्या आरोग्य यंत्रणेचा हा नियम आहे आणि बऱ्याच मोठ्या कंपन्या तो इतरत्रही पाळतात. कारण उघड आहे: पाण्यात शी झाली की तलाव रिकामा करून, क्लोरीन वाढवून, सगळ्यांना तासन्‌तास बाहेर बसवावं लागतं. काही जहाजांवर डायपरवाल्यांसाठी वेगळी कारंजी असतात, पण सगळ्यांवर नाही.

क्लबही बंद. फुकट असलेला क्लब साधारण तीन वर्षांपुढच्या, स्वतः बाथरूमला जाणाऱ्या मुलांसाठी असतो. तिथले कर्मचारी डायपर बदलत नाहीत. सहा महिने ते तीन वर्षांसाठीचं पाळणाघर मोजक्या जहाजांवरच असतं (डिस्नीकडे आणि रॉयल कॅरिबियनच्या काही जहाजांवर आहे), त्याचे ताशी वेगळे पैसे पडतात आणि संध्याकाळच्या जेवणाच्या वेळा आधीच भरून जातात.

राहिली खोली. बिनखिडकीची आतली खोली साधारण 14-16 चौरस मीटर. त्यात बाळाची खाट मांडली की बाथरूमकडे आडवं होऊन जावं लागतं. बाळ आठला झोपलं की आईबापही आठपासून अंधारात.

पैशाचंही ऐका. खोलीतल्या तिसऱ्या माणसाला मूळ भाड्यात सूट असते, पण बंदर शुल्क आणि कर लागतातच. परदेशी जहाजांवर माणशी दिवसाला साधारण 16 ते 20 डॉलर टिप धरतात आणि बऱ्याच कंपन्या त्यातून तान्ह्यालाही वगळत नाहीत.

दोनाचे_चार

तीन वर्षांखालची सगळी पोरं एकाच पोत्यात भरलीत की हो! सात महिन्यांचं बाळ आणि सव्वादोन वर्षांचं पोर यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

कठीण काळ म्हणजे दीड ते तीन वर्षं. पाय फुटलेले असतात, तलाव दिसतो, आत जाता येत नाही, मग जमिनीवर लोळण. इथे तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण आठ-दहा महिन्यांच्या बाळाला तलाव नाही मिळाला म्हणून काय बिघडतं? ते ठेवलं तिथे राहतं, गाडीत झोपतं, दूध पितं. आणि बोट लागण्याचं म्हणाल तर दोन वर्षांखालच्या मुलांना हा त्रास सहसा होत नाही. तो वाढतो दोनच्या पुढे आणि बारापर्यंत चांगला जाणवतो. म्हणजे तुम्ही सांगता त्या वयात उलट्यांची शक्यता जास्त, त्याआधी कमी.

शिवाय तुलना कशाशी करताय? तान्हं बाळ घेऊन चार दिवसांत तीन हॉटेलं बदलणं, प्रत्येक ठिकाणी सामान बांधणं-सोडणं, जेवणाची वेळ गाठणं. जहाजावर बॅग एकदाच उघडायची.

वयाची अट मात्र नीट वाचा. बहुतेक कंपन्यांत किमान वय सहा महिने, आणि मार्गात सलग तीन किंवा जास्त दिवस नुसता समुद्र असेल तर बारा महिने. हे वय जहाजावर चढण्याच्या दिवशी पूर्ण झालेलं लागतं. पाच महिने अठ्ठावीस दिवसांचं बाळ धक्क्यावरूनच परत पाठवतात आणि पैसे परत मिळत नाहीत.

कडूकाढा

उलट्यांपेक्षा जुलाबांची काळजी करा. जुलाब-उलट्या करणाऱ्या नोरोव्हायरसची लागण व्हायला विषाणूचे अगदी थोडे कण पुरतात, आणि रांगणारं मूल कठडा, टेबलाचा पाय, दुसऱ्याचं खेळणं, सगळं तोंडात घालतं. बुफेच्या दाराशी सॅनिटायझर असतो, त्यावर भरवसा ठेवू नका. अल्कोहोल या विषाणूवर फारसं चालत नाही. साबण, वाहतं पाणी आणि वीस सेकंद चोळणं.

सोबत ओआरएस हवंच. इथे एक चूक हमखास होते: मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं आणि लोक ते अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओततात. मीठ दुप्पट होतं, तहान आणि जुलाब दोन्ही वाढतात. बाळाला उलटी झाली की दहा मिनिटं थांबून मग दोन-तीन मिनिटांनी एक चमचा द्या. वाटीभर एकदम पाजलं की सगळं बाहेर. तोंड सुकलं, रडताना डोळ्यांत पाणी नाही किंवा सहा तास डायपर कोरडा राहिला, तर थेट जहाजाच्या दवाखान्यात. बातमी लपवू नका. एक-दोन दिवस खोलीत बसवतील म्हणून लोक सांगत नाहीत आणि मग अख्खा मजला आजारी पडतो.

गाडी लागू नये म्हणून घरोघरी असते ती अ‍ॅव्होमिन, म्हणजे प्रोमेथाझिन. दोन वर्षांखाली ती अजिबात नको, श्वास मंदावू शकतो. दोनच्या पुढेही वजनाप्रमाणे मात्रा डॉक्टरांकडून लिहून घ्या, मोठ्यांच्या गोळीचा तुकडा मोडून देऊ नका. कानामागे लावायची पट्टी लहान मुलांसाठी नाहीच.

नऊ महिन्यांचा गोवर-रुबेलाचा डोस झाल्याशिवाय हजारो लोकांच्या बंदिस्त गर्दीत नेऊ नये, हे माझं मत. म्हणून दोनाचे_चार यांचं 'सहा महिन्यांपासून चालेल' मला पटत नाही. दहा महिन्यांचं म्हणा, विचार करू.

दोनाचे_चार

दहा मान्य. मी आठ-दहाच म्हटलं होतं, आता आठ सोडून देतो.

शिडाची_होडी

वयावर भांडताय, पण खोली कुठली घेता यावर निम्मा त्रास ठरतो. जहाज पुढे-मागे डोलतं तेव्हा नाळ (पुढचं टोक) आणि शेपूट (मागचं टोक) सर्वांत जास्त वर-खाली होतात, आणि आडवं डोलतं तेव्हा वरचे मजले जास्त झुलतात. म्हणून मधोमध आणि खालचा मजला. योगायोगाने खालच्या मजल्यावरच्या खोल्या बहुधा स्वस्तही असतात. मजल्यांचा नकाशा उघडून वर-खाली काय आहे तेही बघा. वर तलावाचा मजला असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो, खाली नाट्यगृह असेल तर रात्री अकरापर्यंत धडधड. दोन्हीकडे राहत्या खोल्या असतील ती खोली घ्या. वरून खाली येणारा बंक लहान मुलांसाठी नाही, सहा वर्षांखालच्यांना बऱ्याच कंपन्या तो देतच नाहीत. बाळाची खाट आरक्षणाच्या वेळीच मागा, त्या मोजक्याच असतात.

बाळ झोपल्यावर बाल्कनीत बसू म्हणून बाल्कनीची खोली घेणाऱ्यांसाठी: कठडा साधारण 107 सेंटिमीटरचा असतो आणि तो पुरेसा असतो. धोका असतो त्याला टेकवलेल्या खुर्चीचा. चालणारं मूल असेल तर खोली सांभाळणाऱ्याला सांगून खुर्च्या-टेबल पहिल्याच दिवशी बाहेर काढा आणि दाराची वरची कडी सतत लावा. 'समुद्र बघ' म्हणत कठड्यावर किंवा खिडकीपाशी उचलून धरणं तर नकोच. 2019 च्या जुलैत पोर्तो रिकोतल्या सान हुआनला धक्क्यावर शांत उभ्या असलेल्या जहाजाच्या अकराव्या मजल्यावरून एक दीड वर्षाची मुलगी अशीच खाली पडून गेली. लाटाबिटा काही नव्हत्या.

आणि लाइफ जॅकेट. आंतरराष्ट्रीय नियमात 15 किलोपेक्षा कमी वजनाच्या शिशूंसाठी वेगळं आणि 15 ते 43 किलोच्या मुलांसाठी वेगळं असतं. 24 तासांहून लांब प्रवासात प्रत्येक शिशूमागे एक ठेवणं बंधनकारक आहे. पण ते तुमच्या कपाटात असेलच असं नाही, अनेकदा संकटकाळी जमण्याच्या जागी ठेवलेलं असतं. कोस्टा कॉनकॉर्डिया 2012 मध्ये बुडाल्यानंतर नियम बदलला आणि 2015 पासून संकटकाळची कवायत जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणीच घ्यावी लागते. हल्ली तिचा बराचसा भाग फोनवरच्या चित्रफितीत उरकतात. तेवढ्यावर थांबू नका. जमण्याच्या जागी बाळाला घेऊन जा, शिशूचं जॅकेट मागा, घालून बघा. पट्टा दोन पायांमधून जातो, तो आधी एकदा लावून पाहिलेला बरा.

खिचडीप्रेमी

किटली, इंडक्शन, छोटा राइस कुकर, वाफेवर बाटल्या उकळायचं यंत्र: तापणारी वस्तू म्हणजे आगीचा धोका, त्यामुळे सामान तपासताना काढून घेतात आणि उतरताना परत देतात. खोलीत खिचडी लावायचा बेत घरीच सोडा. घरचं शिजवलेलं अन्नही बहुतेक ठिकाणी आत नेऊ देत नाहीत. बंद डब्यातलं बेबी फूड आणि पावडर चालते.

अडचण पावडरच्या दुधाची आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेप्रमाणे पाणी निदान 70 अंश असावं, आणि बुफेतून आणलेलं थर्मासमधलं पाणी रात्री दोनला तेवढं गरम नसतं. त्यामुळे रात्रीपुरतं तयार, बंद बाटलीतलं द्रव दूध मिळत असेल तर ते न्या. बाटल्यांसाठी थंड पाण्यात विरघळणाऱ्या निर्जंतुक गोळ्या. वरणभात, दहीभात, इडली मुंबईच्या जहाजावर मिळते आणि सिंगापूरहून निघणाऱ्यांवरही भारतीय काउंटर असतो. पण तिखट कमी करून हवं असेल तर आदल्या रात्री मुख्य वाढप्याला सांगायचं. बुफेत उभं राहून मागितलं तर आहे तेच पुढ्यात येतं.

डायपर, दूध, एक जोड कपडे पाठीवरच्या पिशवीतच ठेवा. धक्क्यावर दिलेली बॅग खोलीत यायला संध्याकाळ होते.

गलबत

नकाशा बघा, जॅकेट मागा, खुर्च्या हलवा, गोळ्या, थर्मास, चमचा-चमचा ओआरएस. ही सुट्टी आहे की बदली? इतकं सगळं करून गोव्यात उतरल्यावर मुरगाव बंदरातून कळंगुट गाठायला तासाभराहून जास्त रस्ता, टॅक्सीत मुलाची खुर्ची नाही, आणि परतीची वेळ डोक्यावर. लक्षद्वीपला तर जहाज बाहेरच नांगरतं आणि छोट्या बोटीतून किनारा गाठावा लागतो. दोन हातांनी बाळ धरून हलत्या बोटीत पाय टाकून बघा.

दोनाचे_चार

मग उतरू नका! बंदराच्या दिवशी जहाज रिकामं असतं, जेवणाला रांग नसते. तान्ह्या बाळाच्या आईला तो दिवस सर्वांत जास्त मानवतो. लक्षद्वीपबद्दल मात्र गलबत बरोबर आहेत, चालता न येणारं मूल असेल तर तो मार्ग नको. आणि मुंबईहून जायचं तर जून ते सप्टेंबर विषयच काढू नका.

भाजणी

सिंगापूरच्या फेरीसाठी बाळाला वेगळा व्हिसा लागतो का? आणि बाबागाडी कुठली न्यावी?

शिडाची_होडी

पासपोर्ट वेगळा, व्हिसाही वेगळा. लहान मुलाचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, तारीख बघून घ्या. जहाज सिंगापूर सोडून परत येतं तेव्हा तुम्ही दुसऱ्यांदा आत शिरता, त्यामुळे व्हिसावर एकाहून जास्त प्रवेश आहेत ना ते तपासा. अरायव्हल कार्डही (सिंगापुरात शिरण्याआधीचा ऑनलाइन फॉर्म) दोन्ही वेळा भरायचं, बाळाचंसुद्धा. प्रवास विम्यात क्रूझ स्पष्ट लिहिलेलं हवं आणि बाळ किती महिन्यांपासून धरतात ते विचारा. जहाजाचा दवाखाना आपला नेहमीचा मेडिक्लेम सहसा घेत नाही.

बाबागाडी छत्रीसारखी मिटणारी. साध्या खोलीचं दार काही जहाजांवर जेमतेम 22 इंच असतं आणि आगीच्या नियमामुळे गाडी बाहेर बोळात ठेवू देत नाहीत. घरीच टेप घेऊन चाकापासून चाकापर्यंत मोजा, 20 च्या आत असेल तरच न्या.