मदत हवी आहे: केटी १०० च्या हेडचे नट किती कसायचे?

यामाहा केटी १००, गो-कार्ट या छोट्या रेसिंग गाडीचं जुनं एअर कूल्ड इंजिन (बोअर ५२, स्ट्रोक ४६ मिमी) पुन्हा बांधतोय. मॅन्युअल नाही. हेडचे ८ मिमी स्टड (दोन्ही टोकांना आटे असलेले दांडे), पिच, म्हणजे आट्यांमधलं अंतर, १.२५ मिमी. नट, वॉशर नवे, गास्केट नवं, हेड काचेवर घासून सपाट केलंय.

आटे साफ करून इंजिन ऑइलचा थेंब दिला. आधी हातानं, मग तिरक्या क्रमानं १०, १६, २२ न्यूटन मीटर असं कसलं. तीन नटांवर टॉर्क पाना (ठरलेला जोर आला की वाजणारा) कट्ट वाजला. चौथा १६ च्या पुढे पाव फेरा फिरला, जोर वाढेना. लगेच थांबलो. स्टड काढला तर टोकाच्या आट्यांत ॲल्युमिनियमची चकाकती वळी अडकलेली. म्हणजे केसिंगचेच (स्टड ज्यात बसतो त्या इंजिनाच्या खालच्या भागाचे) आटे सुटले. स्टड ताणलेला नाही, इतरांशी लांबी मोजून पाहिली.

टॉर्क पाना ५ ते २५ चा, तपासून घेतलेला. तेव्हा 'पाना बदला' नको! बेळगावच्या उद्यमबागेत हेलिकॉइल (सुटलेल्या आट्यांच्या जागी बसवायची तारेची गुंडाळी) बसवून मिळेल, पण ८.३ चं ड्रिल मारल्यावर बॉसची (स्टडच्या भोकाभोवतीच्या जाड भागाची) भिंत एका बाजूला जेमतेम ३ मिमी उरते. वेल्डिंग नको, बेअरिंगची बैठक जवळच आहे.

२२ हा आकडा कोरड्या आट्यांचा धरलेला. तेलामुळे घर्षण कमी, त्यामुळे तेवढ्याच टॉर्कला ताण जास्त येतो. चूक बहुतेक तिथंच झाली.

एवढ्या भिंतीत हेलिकॉइल १२ मिमी लांबीची घ्यावी की १६? आणि तेल लावलेल्या आट्यांना या इंजिनावर तुम्ही शेवटचा टॉर्क किती देता? पहिल्यांदा तापवून पूर्ण थंड झाल्यावर पुन्हा कसता का?