विटांच्या अंतराळयानाचा वापरलेला संच घ्यावा का? बाहुल्यांची पारख कशी करावी?

प्रश्न : फोंड्याची आत्या

सर्वांना नमस्कार. माझा भाचा नऊ वर्षांचा असून चतुर्थीच्या सुट्टीत तो वास्कोहून आमच्याकडे राहायला येणार आहे. त्याला अंतराळयानांचे विलक्षण वेड आहे, म्हणून या वेळी त्याला लेगोचे एखादे मोठे यान द्यावे, असे मनात आहे. पर्वरीतील एका परिचितांकडे ‘गॅलक्सी एक्सप्लोरर’ हा १०४९७ क्रमांकाचा संच आहे. तो एकदा जोडून काचेच्या कपाटात ठेवलेला होता आणि आता ते तो विकणार आहेत. खोके आहे, पुस्तिका आहे, भाग सगळे असल्याचे ते सांगतात. मात्र मागितलेली किंमत नव्या संचाच्या जवळपास जाणारी आहे. सोबतच्या चार अंतराळवीरांपैकी एक बाहुला हरवला होता आणि त्याच्या जागी दुसरा घातला आहे, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले.

माझ्या शंका अशा आहेत. अशा संचाचे मोल नेमके कशावर ठरवायचे? भागांच्या संख्येवर ठरवावे, तर हा आकडा मोठाच दिसतो. खोक्यावर १८ वर्षांपुढील वय छापलेले आहे, तेव्हा नऊ वर्षांच्या मुलाला तो द्यावा का? बदललेला बाहुला अस्सल आहे की नकली, हे घरच्या घरी कसे ओळखावे? आणि आमच्या घरी दोन वर्षांची एक मुलगीही आहे, त्या दृष्टीने काय काळजी घ्यावी? आपण अनुभवी मंडळींनी सविस्तर सांगितल्यास उपकार होतील.

उत्तर १ : संग्राहक, मडगाव

ताई, आपण प्रश्न योग्य क्रमाने विचारले आहेत, म्हणून मीही जरा विस्ताराने लिहितो.

प्रथम या यानाचे मूळ. लेगोची अंतराळ-मालिका १९७८ साली सुरू झाली आणि हात-पाय हलणारा, आज आपण ओळखतो तो बाहुलाही त्याच वर्षी आला. पुढच्या वर्षी, १९७९ मध्ये, ‘गॅलक्सी एक्सप्लोरर’ हे यान निघाले. युरोपात त्याचा क्रमांक ९२८ होता, अमेरिकेत ४९७. त्यात ३३८ भाग होते, दोन लाल आणि दोन पांढरे अंतराळवीर होते आणि यान उतरवण्यासाठी खड्डे असलेला चंद्रभूमीचा पाट होता. आपल्यासमोर असलेला संच हा त्याच यानाचा २०२२ चा नवा अवतार आहे. यात १,२५४ भाग आहेत, यानाची लांबी सुमारे अर्धा मीटर भरते, आणि लाल-पांढऱ्या चौघांबरोबर एक छोटा यंत्रमानवही आहे. चंद्रभूमीचा पाट मात्र नव्यात नाही.

आता भागांच्या संख्येविषयी. बाजारात निघाला तेव्हा अमेरिकेत या संचाची किंमत १०० डॉलरला एक सेंट कमी, म्हणजे भागामागे सुमारे ८ सेंट पडत होती आणि अनेकांनी त्याला स्वस्त म्हटले. परंतु हा हिशेब फार भरवशाचा नाही, कारण नखाएवढी एक खुंटीची (खुंटी म्हणजे भागावरचा जोडायचा गोल उंचवटा) चकती आणि पंखाची हातभर पसरणारी रचना पेलणारी मोठी पट्टी, दोन्ही या मोजणीत एकेकच धरल्या जातात. माझ्या मते यानाची पारख तीन गोष्टींवर करावी. ते एका हाताने उचलून घरभर फिरवताना सुटे पडते का? बाहुल्यांना त्यात खरोखर बसता, चढता, उतरता येते का? आणि मोडून त्याच भागांतून दुसरे काही उभे राहते का? दिसायला देखण्या अशा कितीतरी संचांत कॉकपिटमध्ये एक बाहुला जेमतेम कोंबावा लागतो आणि बाकीचे खोक्याबाहेर शोभेला उभे राहतात. मुलांचे मन अशा यानात चार दिवसांपेक्षा अधिक रमत नाही.

या तिन्ही कसोट्यांवर गॅलक्सी एक्सप्लोरर उतरतो, असे मी नि:संकोच सांगतो. पिवळ्या पारदर्शक काचेखाली उघडणारे कॉकपिट आहे, मागच्या बाजूस दोन दारांमधले एअरलॉक (बाहेर पडण्याचा हवाबंद कक्ष) आहे, उतरण खाली करून लहानशी चंद्रगाडी बाहेर काढता येते आणि यान उतरवायचे पाय आत घेता येतात. अंगावरची चिन्हे चिकटपट्ट्यांची नसून थेट प्लास्टिकवर छापलेली आहेत. आपल्याकडच्या दमट हवेत चिकटपट्टीच्या कडा दोन पावसाळ्यांत उचलू लागतात, त्यामुळे छपाई असणे ही गोव्यातल्या घरासाठी फार मोलाची गोष्ट आहे. शिवाय याच भागांतून १९७९ च्याच दोन लहान यानांच्या धर्तीची आणखी दोन याने करता येतात.

बाहुल्यांची पारख अशी करा. हेल्मेट काढा, डोके काढा आणि मानेची खुंटी भिंगाखाली धरा. अस्सल आधुनिक बाहुल्याच्या मानेवर कंपनीचे नाव बारीक उठावात असते. छातीवरचे सोनेरी चिन्ह, म्हणजे ग्रहाभोवती फिरणारे यान, तिरपे धरून उजेडात पाहा. घासले गेले असेल तर सोनेरी रंगाखालून लाल किंवा पांढरे दिसू लागते. काखेखाली, धडाच्या खालच्या कोपऱ्यांपाशी केसासारखी चीर पडते, ती नखाने जाणवते. हाताच्या पंजात अवजार धरवून बाहुला उलटा करा. अवजार गळून पडले, तर पंजा सैल झाला किंवा चिरला आहे, असे समजावे. आणि हेल्मेटची हनुवटीखालची पट्टी अवश्य तपासा. जुन्या काळच्या हेल्मेटला ही पट्टी फार बारीक होती आणि ती मधोमध तुटायची. नव्या साच्यात ती मुद्दाम जाड केली आहे. बदललेल्या बाहुल्याबाबत हीच खूण आपल्याला बरेच काही सांगेल.

उत्तर २ : साच्यांच्या कामातील एक, वेर्णा

वरील उत्तर पटले. मी प्लास्टिकच्या साच्यांचे काम करतो, तेव्हा केवळ सामग्रीपुरते लिहितो.

या विटा एबीएस नावाच्या प्लास्टिकच्या असतात. वीट दुसऱ्या विटेला धरून ठेवते ती गोंदाने किंवा खटक्याने नव्हे, तर खुंटी आणि आतली नळी यांच्यातल्या किंचित दाबाने. म्हणून साच्यात मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी फरक चालवून घेतला जातो, आणि १९५८ साली पेटंट घेतलेल्या विटेच्या रचनेवर आजची वीट बसते. नकली संचांत पहिला फरक इथेच कळतो: काही भाग इतके घट्ट बसतात की मुलाला दात लावावेसे वाटतात आणि काही हात लावताच निसटतात. पर्वरीला गेल्यावर एका पंखाखालच्या चार-पाच पट्ट्या काढून पुन्हा बसवून पाहा. प्रत्येक जोड सारखाच प्रतिकार देत असेल, तर माल चांगला आहे.

आपल्या पावसाळ्याने एबीएसचे काही बिघडत नाही. बिघडते ती पुस्तिका आणि खोके, कारण कागदाला बुरशी लागते. खरा शत्रू ऊन आहे. हे यान निळे आणि करडे आहे आणि नेमके हेच रंग अतिनील किरणांनी सर्वांत आधी दगा देतात: निळा हिरवट होतो, करडा तपकिरी छटा घेतो, पांढरा बाहुला सायीच्या रंगाचा होतो. कपाट खिडकीसमोर होते का, हे विचारा. परंतु उत्तरावर विसंबू नका. वरची एक निळी पट्टी काढा आणि तिच्याखाली झाकलेल्या भागाशी रंग ताडून पाहा. फरक दिसला, तर नव्याच्या जवळपासची किंमत देण्याचे कारण नाही.

धुवायचे झाल्यास ४० अंशांपेक्षा गरम पाणी नको, सौम्य साबण पुरे, आणि वाळवायचे ते सावलीत. पंख्याखाली पसरलेले उत्तम. बंद मोटारीत, मिरामारच्या उन्हात, हे यान ठेवू नये.

उत्तर ३ : प्राथमिक शिक्षिका, डिचोली

ताई, १८ हा आकडा पाहून घाबरू नका. तो धोक्याचा इशारा नाही. हा संच मोठ्यांच्या आठवणींना साद घालण्यासाठी काढला आहे आणि खोक्यावरचे वय त्या ग्राहकाला उद्देशून आहे. नऊ वर्षांचे मूल, ज्याने आधी मध्यम आकाराचे संच जोडले आहेत, ते मोठ्या माणसाच्या सोबतीने हा नक्की जोडू शकते. पिशव्यांना क्रमांक असतात, म्हणून एका दिवशी एक-दोन पिशव्या असे काम वाटून घ्यावे. वापरलेल्या संचात मात्र त्या पिशव्या राहिलेल्या नसतात, आणि १,२५४ भाग एका परातीत ओतले, तर मुलाचा सारा उत्साह शोधाशोधीतच संपतो. विक्रेत्यांना यान टप्प्याटप्प्याने मोडून वेगवेगळ्या पुड्यांत बांधून देण्याची विनंती करा, किंवा भाचा येण्याआधी आपणच ते काम करा.

माझा एक वेगळा आग्रह आहे. मुलाने यान एकदा पुस्तिकेप्रमाणे जोडले, की ते कपाटावर चढवू नका. वर्गात मी पाहते की मुलांची भाषा, त्यांचा तर्क आणि त्यांची गोष्ट रचण्याची शक्ती खऱ्या अर्थाने कामाला लागते ती बाहुले हातात आल्यावर. कॅप्टन कोण, बिघाड कुठे झाला, चंद्रगाडीत कोणाला जागा मिळणार नाही, यावर दोन मुले अर्धा-अर्धा तास न थकता बोलतात. या संचातल्या चौघांचे चेहरे साधे, दोन ठिपके आणि एक हसू एवढेच आहेत, त्यामुळे मूल त्यांना हवी ती भूमिका देते. चित्रपटांवरून केलेल्या बाहुल्यांच्या बाबतीत ती बरेचदा आधीच ठरलेली असते. केवळ याच कारणासाठी मी हा संच मुलांसाठी चांगला मानते.

दोन वर्षांच्या मुलीबाबत तडजोड नको. तीन वर्षांखालील मुलांपासून हे भाग पूर्ण दूर ठेवावेत. बाहुल्याच्या डोक्यावरच्या खुंटीला आता आरपार जागा ठेवलेली असते, घशात अडकल्यास हवा जावी म्हणून. पण त्यावर भरवसा ठेवून चालत नाही आणि एक खुंटीच्या चकतीला तर तेवढेही संरक्षण नाही. चतुर्थीला घर पाहुण्यांनी भरलेले असते आणि जमिनीवर पडलेले कोणाच्या लक्षात येत नाही. जोडणी उंच मेजावर, कडा असलेल्या ताटात करावी.

प्रश्नकर्तीचा खुलासा : फोंड्याची आत्या

आपणा सर्वांचे मन:पूर्वक आभार. मी पर्वरीला जाऊन संच पाहून आले. निळी पट्टी काढून रंग ताडला, फरक दिसला नाही. जोड सगळीकडे सारखे घट्ट आहेत. तीन बाहुले निर्दोष आहेत. बदललेला चौथा, लाल रंगाचा, मात्र वेगळा दिसतो: त्याच्या हेल्मेटची पट्टी इतर तिघांपेक्षा बरीच बारीक आहे आणि तिच्या मध्यावर पांढरट रेघ आहे. डोक्यावरची खुंटीही इतरांसारखी पोकळ नाही, भरीव आहे. छातीवरचे सोनेरी यान अर्धे पुसलेले आहे. हा नकली समजावा का?

उत्तर ४ : संग्राहक, मडगाव

नाही, ताई. आपण वर्णन केलेल्या दोन्ही खुणा, बारीक पट्टी आणि भरीव खुंटी, जुन्या बनावटीकडे बोट दाखवतात. हा बहुधा मूळ मालिकेतला, ३० वर्षांहून जुना अंतराळवीर आहे. कोणाच्या तरी माळ्यावरच्या डब्यातून तो या संचात आला असावा. पांढरट रेघ म्हणजे प्लास्टिकवर ताण आल्याची खूण. हेल्मेट दोन-चार वेळा काढले-घातले, की पट्टी तिथेच तुटणार.

म्हणून व्यवहाराच्या दृष्टीने असे करावे. जुना आहे म्हणून त्याचे जास्त पैसे देऊ नका, कारण संग्राहकाला छपाई पूर्ण आणि हेल्मेट अखंड लागते आणि याच्याकडे दोन्ही नाही. संचाच्या दृष्टीने एक बाहुला कमीच आहे, असे धरून किंमत उतरवून मागा. नव्या बनावटीचा लाल अंतराळवीर सुटा मिळतो. ‘ब्रिकलिंक’ या संकेतस्थळावर असे सुटे भाग आणि बाहुले संच-क्रमांकाने शोधता येतात. मात्र परदेशातून मागवल्यास टपालखर्च आणि आयात शुल्क धरून हिशेब करा. खेळण्यांवरचे मूळ आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले आणि २०२३ मध्ये ७० टक्के. मोठ्या संचांच्या आपल्याकडच्या किमती डॉलरच्या हिशेबापेक्षा इतक्या वर का जातात, याचे एक कारण हेच आहे.

आणखी एक: खोके परदेशातून आणलेले असेल, तर त्यावर आयएसआय चिन्ह नसण्याची शक्यता आहे. १ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या मुलांच्या खेळण्यांना ते सक्तीचे आहे, परदेशात विकल्या जाणाऱ्यांना नव्हे, त्यामुळे चिन्ह नाही म्हणजे माल नकली असा निष्कर्ष काढू नका. खोके कुठून आले, तेवढे मात्र विचारून घ्या.

पैसे देण्यापूर्वी पुस्तिकेच्या शेवटी दिलेली भागांची यादी पारदर्शक पिवळ्या काचा, छापील भाग आणि यंत्रमानव यांच्यापुरती तरी जुळवून पाहा. साधी करडी पट्टी हरवली तर कुठेही मिळते, यांची भरपाई महागात जाते.

प्रश्नकर्ती : फोंड्याची आत्या

यादी जुळवली, काचा आणि छापील भाग पूर्ण आहेत. परिचितांनी चौथ्या बाहुल्याची रक्कम वजा करण्याचे मान्य केले आहे आणि यान टप्प्याटप्प्याने मोडून पुड्या करून देणार आहेत. जुना लाल अंतराळवीर त्यांनी तसाच सोबत दिला. हेल्मेट न काढता त्याला चंद्रगाडीवर बसवता येईल का, एवढे कळवावे.

उत्तर ५ : संग्राहक, मडगाव

अवश्य येईल. बसण्याचा जोड पायांच्या मागच्या भोकांत असतो, त्यात १९७८ पासून बदल झालेला नाही.