बोक्याचं थडगं, तेही नेव्हीतल्या?

तलावपाळीकर: मंडळी, भाचा लंडनला इलफर्डमध्ये असतो, त्याने व्हॉट्सॲपवर एका थडग्याचा फोटो टाकलाय, नाव सायमन, साल १९४९. म्हणतो हा बोका होता आणि नेव्हीत कामाला होता. मामाला बनवतोय की खरंय?

ऐरोलीकर ताई: खरंय हो दादा. ब्रिटिश नेव्हीच्या एचएमएस अमेथिस्ट जहाजावर उंदीर मारायचं काम त्याचं, १९४८ मध्ये हाँगकाँगच्या बंदरातून एका खलाशाने उचलून आणलेला. एप्रिल १९४९ ला यांगत्से नदीत चिनी कम्युनिस्टांनी जहाजावर तोफा डागल्या, तेव्हा हा भाजला, अंगात छर्रे घुसले, मिशा जळल्या, आणि जरा बरा झाल्यावर लगेच परत उंदरांमागे, कारण जहाज तिथे तीन महिने अडकलेलं आणि उंदीर रेशन फस्त करत होते. डिकिन मेडल, म्हणजे प्राण्यांच्या शौर्यासाठीचं ब्रिटिश पदक, मिळालेला आजवरचा एकमेव बोका. पण इंग्लंडला पोचल्यावर क्वारंटाइनमध्येच गेला बिचारा, २८ नोव्हेंबरला. ते वाचून मला फार लागलं.

कोपरीचा बंड्या: आपला झंजीर आठवला. मुंबई पोलिसांचा लॅब्राडॉर, ९३ च्या स्फोटांनंतर केवढं आरडीएक्स हुंगून काढलं त्याने. २००० मध्ये गेला तेव्हा पोलिसी इतमामात निरोप दिला होता.

तलावपाळीकर: ताई थँक्यू, भाच्याला सॉरी म्हणतो. आमच्या सोसायटीचा बोका मात्र उंदीर समोरून गेला तरी नुसती कूस बदलतो, वर वॉचमनच्या डब्यातलं सुकट पाहिजे.