भोपळ्याचं सूप आणि त्याची गोडी : अनुभव सांगा!

मंडीत स्वस्त दिसला म्हणून अख्खा तांबडा भोपळा उचलून आणला, जवळजवळ ५ किलोंचा. दोन दिवस भाजी, एक दिवस घारगे, मग घरात कुणी त्याच्याकडे बघेना. शेवटी सूप केलं. रंग असा सुरेख की विचारू नका. पहिल्याच चमच्याला हे म्हणाले, "खीर केलीस का?" तर इंदूरकर मंडळी, तुमचं सूप गोड होत नाही का? होत असेल तर काय करता? फसलेलं आधी सांगा.

रामबागेतून
माझं सूप गोड की तिखट हे कळायच्या आधीच छताला लागलं. कुकरमधल्या वाफाळत्या फोडी मिक्सरच्या भांड्यात गळ्यापर्यंत भरल्या, झाकण घट्ट बसवलं आणि बटण फिरवलं. फट्! गरम फोडींची वाफ आत कोंडते आणि पातं फिरताच झाकणच उडवते, हे ज्ञान नंतर झालं. ट्यूबलाइटवर भगवे शिंतोडे, हनुवटीवर फोड. आता फोडी कोमट होऊ देते आणि भांडं अर्धंच भरते. सासूबाई मात्र पुरणयंत्रातून काढतात. त्यांचं सूप माझ्यापेक्षा मऊसूत होतं, हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.

राजेंद्रनगरातून
मी ओव्हनमध्ये २०० अंशांवर ४० मिनिटं भाजते. सोबत अख्खा कांदा आणि लसणाच्या चार पाकळ्या, सालासकट. भाजल्यावर पाणी उडतं, म्हणजे गोडी वाढतेच, पण कडा काळसर झाल्या की तो किंचित कडवटपणा तिला आवरतो. वर मिरपूड, आणि गॅस बंद केल्यावर लिंबू. एकदा लिंबाऐवजी दही घातलं, तेही उकळत्या सुपात. फाटलं. गाळून प्यायलो.

लोकमान्यनगरातून
पोह्यांबरोबर जलेबी खाणाऱ्या गावाला गोड सुपाचं वावडं कधीपासून झालं, भिया? वरून जीरावन (आपला पोह्यांवरचा मसाला) भुरभुरा, मूठभर लौंगवाली शेव टाका. विषय संपला.

(धागाकर्ती : आत्ताच करून पाहिलं! शेव दोन मिनिटांत मऊ पडते, तेव्हा वाटी हातात घेतल्यावरच घालायची.)

इंदूरचीच, सध्या अमेरिकेत
इथे भोपळ्याच्या गराचा डबा मिळतो, म्हणून खूश होऊन आणला. चव बघते तर साखर आणि दालचिनी! तो 'पंपकिन पाय' या इथल्या गोड पदार्थासाठीचा तयार मसालेदार गर निघाला. साधा गर शेजारच्याच फळीवर होता. त्या गोड गरात हिरवी मिरची घालून काय झालं ते विचारू नका.

मल्हारगंजातून
वय ७६. कवळी दुरुस्तीला दिली आहे, म्हणून सूप. आमच्या घरी अख्खा भोपळा बायका फोडत नसत, पहिला घाव पुरुषाने घालायचा. त्यामुळे भोपळ्याशी माझा संबंध तेवढाच. आता सगळंच करतो. घेताना देठ वाळलेला पाहावा आणि नख लावून बघावं. सालीत रुतलं तर कोवळा समजावा. हाताला जड लागला पाहिजे. अर्धा किलो फोडींत मूठभर मसूर डाळ घालतो, कुकरला तीन शिट्ट्या. डाळीने गोडी मोडते आणि दाटपणाही येतो. वरून तूप, जिरं, हिरव्या मिरचीची फोडणी. सून म्हणते, बाबा, ही तर पातळ आमटी आहे. असेल. दोन वाट्या पितो आणि झोपतो.

धागाकर्ती
काका, तुमची डाळ आज घातली! ह्यांनी वाटी पुसून ठेवली, पण "चांगलं झालंय" काही म्हणाले नाहीत. तेवढं चालायचंच. बिया गच्चीवर वाळत घातल्या होत्या, अर्ध्या खारींनी पळवल्या. उरलेल्या तव्यावर भाजायला घेतल्या तर टणाटण उडताहेत. झाकण ठेवायचं की नाही, लवकर सांगा.