धूळ, धूर आणि छाती: तुमच्या घरचे अनुभव सांगा

कापशेकडची
काल डिचोलीहून येताना मायनिंगच्या ट्रकामागे अडकले. ताडपत्री फडफडत होती. हात आपोआप काच वर करायला गेला आणि बाबा आठवले.

आमचं घर सावर्ड्यात, रस्त्याला लागूनच. २०१२ ला गोव्यातल्या लोखंडाच्या खाणी बंद पडायच्या आधीची ती वर्षं. जेटीकडे, म्हणजे नदीवरच्या धक्क्याकडे जाणाऱ्या ट्रकांची रांग सकाळपासून तुटायची नाही. तुळशीची पानं लाल, पायरी लाल, दोरीवरचे कपडे तर कायम घरातच वाळायचे. टँकर पाणी मारून जायचा, पण उन्हाने रस्ता लगेच सुकायचा आणि तीच माती टायरखाली आणखी बारीक होऊन उडायची. आई ओटा पुसून वळेपर्यंत त्यावर बोटाने नाव लिहिता यायचं.

बाबांना रात्रीचा खोकला. "धुळीचो तो, पावसात वयतलो," असं जो तो म्हणायचा. आणि जायचाही! पावसात वाहतूक बंद, खोकला बंद. गणपतीची चवथ होऊन ट्रक सुटले की परत हजर. मग एका वर्षी पावसातही तो गेला नाही. तेव्हा कुठे फुंकर मारायची टेस्ट झाली आणि फुप्फुसं किती आखडलीत ते कळलं. विडी नाही, दारू नाही. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विडीचाच विचारला होता.

आमचाही एक ट्रक होता, हे आताच सांगून टाकते. नाहीतर खाली कोणीतरी येऊन सांगेलच.

तुमच्याकडे काय होतं? खाण, कोळसा, कचरा, चूल, काहीही लिहा.

बायणेकर
तुमची लाल, आमची काळी. वास्कोत बाल्कनीत अनवाणी जाऊन या आणि तळवे बघा. आई रोज सकाळी पांढरं फडकं फिरवते, पिळलं की पाणी शाईसारखं. बंदरावर उतरलेला परदेशी कोळसा रेल्वेने कर्नाटकात पोलादाच्या कारखान्यांना जातो, आमच्या वाट्याला एवढंच. बंदरात कोळसा वाढवण्यावरची २०१७ ची जनसुनावणी कित्येक दिवस चालली, माणसं आपापल्या मुलांचे इनहेलर घेऊन बोलायला उभी राहिली होती. बाकी नंतर लिहितो, गॅस आलाय.

फोंड्याची_मामी
आमच्या सासूबाईंनी आयुष्यात खाण बघितली नाही की कोळसा. तरी दम्यासारखंच. न्हाणीत पाणी तापवायचं भाण, त्याखाली ओली लाकडं आणि नारळाची सोडणं, दार लावलेलं. पहाटे चार वाजल्यापासून घरातल्या सगळ्यांचं पाणी त्याच तापवायच्या. डॉक्टर म्हणाला, किती वर्षं सिगरेट ओढता? हसता हसता त्यांना ठसका लागला, मग आम्हीच घाबरलो. गीझर बसवला तर म्हणतात त्या पाण्याला वास नाही 🙄

मयेकर
@कापशेकडची, ट्रक होता म्हणून शिकलात. राग मानू नका. आमच्या वाड्यावर खाण बंद झाल्यावर हप्ते थकून ट्रक विकले गेले, तेव्हा छातीत वेगळीच कळ यायची.

कापशेकडची
@मयेकर राग कसला. माझी फी त्या ट्रकानेच भरली. आणि बाबांचे पंपही.

श्वास_मोजणारा
मी हॉस्पिटलात फुंकर मारायच्या टेस्टच करतो, म्हणून दोन शब्द. ओट्यावर दिसणारी जाड धूळ बरीचशी नाकात, घशात अडते, शिंकेतून आणि बेडक्यातून बाहेर येते. खरा त्रास न दिसणारीचा. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण. केसाची जाडी साधारण ५० ते ७० मायक्रॉन धरा, म्हणजे अंदाज येईल. हे कण थेट फुप्फुसातल्या वायुकोशापर्यंत पोचतात, त्यातले अगदी बारीक रक्तातही उतरतात. म्हणून नुसता दमा नाही. हार्ट अटॅक, पक्षाघात, गरोदर बाईच्या बाळाचं वजन कमी भरणं, हे सगळं त्यात येतं. २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने बाहेरच्या हवेच्या प्रदूषणाला कर्करोगकारक ठरवलं.

मर्यादा बघा. आपल्याकडे या कणांची वर्षाची सरासरी घनमीटरला ४० मायक्रोग्रॅमपर्यंत चालते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती ५ वर आणली. त्यामुळे 'हवा मर्यादेत आहे' असं छापून आलं की मी आधी विचारतो, कोणाच्या?

आणि मामी, चुलीच्या धुरातही तेच कण असतात. बंद न्हाणीत तर रस्त्यापेक्षा जास्त.

फोंड्याची_मामी
देव बरें करूं. हे सासूबाईंना वाचून दाखवलं. म्हणतात, तो मुलगा कोणाचा? लग्न झालंय का?

श्वास_मोजणारा
झालंय हो मामी 😄

पायलट_पणजी
मी पायलट, म्हणजे भाड्याची पिवळी-काळी मोटारसायकल चालवतो. स्मार्ट सिटीच्या खोदकामात पणजीत दिवस काढलेत. रुमाल बांधायचो, संध्याकाळी सोडला की नाकाच्या जागी दोन काळे गोल. २०२४ ला हायकोर्टाचे न्यायमूर्ती स्वतः शहरात फिरून बघून गेले, तेव्हा कुठे पाणी मारणं नेमाने सुरू झालं. एक प्रवासी म्हणाली मास्क घाला. घातला, तर दुसरा म्हणतो तोंड झाकलेल्या पायलटाच्या मागे बसणार नाही. काय करणार!

श्वास_मोजणारा
रुमालाने बारीक कण अडत नाहीत, साध्या निळ्या मास्कनेही फारसे नाहीत. एन-९५ नीट बसला तरच उपयोग. दाढी असेल तर बाजूने हवा शिरते.

पायलट_पणजी
दाढी काढणार नाही, बायको ओळखणार नाही.

सासष्टीकर
सोनसोड्याला, मडगावच्या कचऱ्याच्या ढिगाला आग लागली की आमच्याकडे खिडक्या बंद. २०१९ च्या मे महिन्यातली ती आग आठवते का कोणाला? प्लास्टिक जळल्याचा वास उशीच्या अभ्र्याला. उकाड्याने जीव जातोय आणि खिडकी उघडायची नाही. बाबांना त्याच आठवड्यात ॲडमिट करावं लागलं. धुरामुळेच, असं कोणी लिहून देणार नाही, पण आम्हाला माहीत आहे.

पेडण्याचो
नरकासुरावर कोणी बोलणार आहे की नाही? चतुर्दशीच्या पहाटे वाड्यावाड्यावर नरकासुराचे दोन मजली पुतळे जाळायचे, आत कागद, गवत, फटाके, वर ऑइल पेंट. थंडीच्या दिवसांत पहाटे वारा पडलेला, धूर वर चढतच नाही, जमिनीलगत पसरून राहतो. माझी मुलगी सात वर्षांची, दर दिवाळीला फराळाआधी नेब्युलायझर.

मयेकर
नरकासुर बंद करा म्हणणार असाल तर मी चाललो.

पेडण्याचो
बंद नको रे बाबा. मीच आमच्या वाड्याचा मुखवटा रंगवतो. लहान करा, फटाके कमी भरा, एवढंच म्हणतोय.

मयेकर
मुखवट्याचे फोटो टाक मग.

बायणेकर
आलो परत. सोनशीचं, त्या खाणींच्या गावाचं कोणी लिहिलंच नाही. २०१७ मध्ये धूळ आणि पिण्याचं पाणी यावरून गावाने ट्रक अडवले, तर बायकांनाही कोठडीत टाकलं. मुलं घरी एकटी.

काजूवाली
विषयाला सोडून विचारते, काजूच्या दारूच्या भट्टीच्या धुराचाही त्रास होतो का? आमच्याकडे मार्च ते मे पेटलेलीच असते, नवऱ्याचे डोळे सतत लाल. की ते हुर्राकाचं, भट्टीतल्या पहिल्या दारूचं?

पायलट_पणजी
हुर्राकाचंच. तपासायला पाठवा थोडा.

श्वास_मोजणारा
दोन्हीचं असू शकतं 😄 पण भट्टीला धुराडं करून घ्या, वारा येतो त्या बाजूला उभं राहायला सांगा आणि दम लागत असेल तर एकदा टेस्ट.

पेडण्याचो
मुलीच्या पंपाला लावायची ती प्लास्टिकची नळी कशी धुवायची? आई चुलीवरच्या गरम पाण्यात उकळायला निघालीय.

श्वास_मोजणारा
स्पेसर. उकळू नका, वाकडा होतो. कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून काढा आणि तसाच निथळत ठेवा. फडक्याने पुसलात तर आत स्थिर वीज भरते आणि औषध नळीलाच चिकटून राहतं. स्टिरॉइडचा पंप असेल तर घेतल्यावर चूळ भरायला लावा.

पेडण्याचो
पुसतच होतो की आम्ही. आईला सांगतो. ती पातेलं उतरवत नाहीये.